थेंब घेण्याचे कारण

रंगराव पोळनं त्या सकाळी तीन आंघोळी केल्या. पहिली बेसन लावून, दुसरी लिंबाच्या फोडी घासून आणि तिसरी रांगोळीत कपड्याचा साबण कालवून. ग्रीस काढायला गॅरेजवाले असंच करतात. नखांच्या कडा त्यानं दाभणानं कोरल्या, मग दोन्ही हात नाकाशी नेऊन हुंगले. साबणाचा वास येत होता. झालं काम, असं त्याला वाटलं. चाळीस वर्षं याच नाकानं त्यानं कार्बोरेटरची दुखणी ओळखली होती, त्यामुळे त्यावर त्याचा विश्वासही होता.

त्याची एकुलती एक लेक मयूरी सातवा लागल्यावर पहिल्या बाळंतपणाला माहेरी येत होती. बायको विमल जाऊन सात वर्षं झाली होती. म्हणून दोन गल्ल्या पलीकडं राहणारी त्याची विधवा बहीण, शालनअक्का, सकाळीच येऊन बसली होती. घर म्हणजे खाली गॅरेज आणि वर लाकडी तक्तपोशीच्या दोन खोल्या. बस कोपऱ्यावर आली. विजेवरची असल्यामुळे ती आली हेसुद्धा कळलं नाही. मयूरी उतरली, हसली, "आबा!" म्हणत चार पावलं आली आणि थांबली. तिनं ओढणी नाकाला लावली, गटाराच्या कडेला वाकली आणि भडाभडा ओकली.

"गाडी लागली असंल पोरीला," भाकरतुकडा हातात धरून अक्का म्हणाली.

रंगराव धावत वर गेला आणि आल्याचा चहा करून घेऊन आला. मयूरी लहानपणापासून चहाची वेडी. त्यानं कप पुढं केला तशी ती पुन्हा ओकली. या खेपेला तर पोटात काही नव्हतंच.

"गाडी नाही लागली, आत्ती," डोळ्यांतलं पाणी पुसत ती म्हणाली. "मी थेंब घेतलाय."

आता या थेंबाविषयी सांगितलं पाहिजे. लोकांनी पेट्रोलच्या गाड्या सोडाव्यात म्हणून सरकारनं काय कमी केलं होतं? भिंती रंगवल्या, दंड लावले, सवलती दिल्या, सायकल दिन साजरे केले. एका सायकल दिनाला तर एक मोठे साहेब स्वतः सायकलवर निघाले आणि त्यांचे बूट घेऊन मागनं मोटार आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आपापल्या स्कूटरला किक मारून घरी गेले. धुरानं पोरं खोकतात हे सगळ्यांना पाठ होतं. पण पाठ असलेल्या गोष्टीनं माणूस हलत नाही.

मग प्रयोगशाळेतल्या काही जणांच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. लग्नात नासकी बासुंदी खाऊन ज्याच्या आतड्यांना एकदा पीळ पडला, तो पुढं दहा वर्षं बासुंदी दिसली तरी तोंड फिरवतो. त्याला समजावावं लागत नाही की दंड करावा लागत नाही. त्याचं शरीर एका फटक्यात शिकतं. मेंदूत वास ओळखणारी जागा आणि मळमळ जाणवणारी जागा यांच्यात गाठ पडते आणि ती सुटता सुटत नाही. एरवी ही गाठ पडायला विषबाधाच व्हावी लागते. या लोकांनी असं औषध काढलं की नाकात एक थेंब टाकला की वीस मिनिटं मेंदू अशी गाठ मारायला अगदी तयार होऊन बसे. त्या वीस मिनिटांत पेट्रोलचा आणि जळक्या धुराचा वास द्यायचा, सोबत थोडी मळमळ आणायची. बस्स. तो माणूस पुन्हा स्कूटरजवळ जायला धजत नसे. सरकारी नाव 'श्वासमित्र', पण लोक आपले थेंबच म्हणत.

आणि थेंब चालला. थेंबवाल्यांना बस फुकट झाली, शाळांनी पालकांना विचारायला सुरुवात केली, लग्नाच्या जाहिरातीत 'थेंब घेतलेला' असं छापून यायला लागलं. दोन वर्षांत रस्ते मोकळे झाले, दमेकऱ्यांच्या घरात औषधाचे फवारे धूळ खात पडले. हे खोटं नव्हे. रंगरावची स्वतःची छातीही त्या हिवाळ्यात वाजली नव्हती.

मयूरीच्या ऑफिसात सगळ्या मजल्यानं एकाच दिवशी थेंब घेतला. केक कापला, फोटो काढले. तेव्हा तिला दिवस राहून महिना झाला होता आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

"म्हणून गेल्या पाच महिन्यांत येते येते म्हणत आली न्हाईस व्हय?" रंगरावनं विचारलं. तो आता जिन्याखाली, लांब उभा होता.

"मला वाटलं, तुमचा वास वेगळा असेल, आबा," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही म्हणजे पेट्रोल थोडंच."

मयूरीला अक्काच्या घरी ठेवावं लागलं. दुसऱ्या दिवशी प्रसूतिगृहाच्या डॉक्टर रेणुका सामंत यांनी रंगरावला व्हरांड्यात बोलावलं. स्वतः त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या, वाऱ्याच्या बाजूला. त्यांनीही थेंब घेतला होता.

"पोरीचं वजन घटलंय, मिस्त्री. बाळाचंही कमी आहे. आता उलट्या परवडणार नाहीत."

"मी गॅरेज बंद करतो. कायमचं. रोज चार डाव आंघोळ करतो."

"वास अंगावर असता तर गेला असता. चाळीस वर्षांचं तेल तुमच्या कातडीखालच्या चरबीत मुरलंय. ते घामातनं येत राहणार. काम सोडलंत तर वर्षानं, दीड वर्षानं कमी होईल."

"पण मला तर वासच येत न्हाई, डॉक्टरीणबाई."

"येणार नाहीच. जो वास रोज असतो तो नाक मोजायचं सोडून देतं. तुम्ही स्वच्छ झालात का, हे तुमचं नाक तुम्हाला कधीच सांगणार नाही." त्यांनी खिडकी आणखी उघडली. "आणखी एक. मळमळताना शेजारी जे असेल त्याच्यावरही शिक्का बसतो. काल तुम्ही तिला चहा दिलात ना? आज चहाचं नाव काढलं तरी तिला उमळतंय. तेव्हा जपा."

रंगरावनं जपायचं ठरवलं. गॅरेज बंद केलं, हत्यारं भंगारात घातली. रोज सकाळी तो अक्काच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडं करंजाच्या झाडाखाली उभा राही. मयूरी खिडकीत येई आणि दोघं फोनवर बोलत. समोरासमोर, मध्ये तीस पावलं रस्ता. वारा फिरला की अक्का खिडकी लावून घेई.

झाडाशेजारी सर्जेरावाची चहाची टपरी होती. त्याची स्कूटर रंगरावनं वीस वर्षं सांभाळली होती. तिसऱ्या दिवशी सर्जेराव मान खाली घालून जवळ आला आणि चार हातांवर थांबला.

"मिस्त्री, राग मानू नका. गिऱ्हाईकं थेंबवाली हैत. तुमी त्या पलीकडच्या दगडावर बसा की. चहा मी आणून देतो, कागदी कपातनं."

रंगराव दगडावर बसला. सर्जेरावनं कप दगडाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला आणि मागं सरला.

रंगरावचे आजोबा कातडी कमवायचे. गावातल्या हॉटेलात त्यांची कपबशी निराळी होती, बाहेर खिळ्याला टांगलेली. लोक जातीचं नाव घेत नसत, वास येतो म्हणत. म्हणून तर रंगरावच्या बापानं त्याला अकराव्या वर्षी गॅरेजात घातलं होतं. 'तेलाला जात नसती,' बाप म्हणाला होता, 'ग्रीसचा हात कुणाचा, ते कुणी इचारत न्हाई.' आणि ते खरं ठरलं होतं. वकील, मास्तर, फौजदार, सगळे त्याच्या स्टुलावर बसून गेले. हात काळे म्हणून तो मनगट पुढं करी आणि लोक हसत हसत मनगट धरत. पन्नास वर्षं लागली होती त्या खिळ्यावरनं इथवर यायला. आणि आता हा दगड. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हेच त्याला सोसत नव्हतं. भांडायचं तरी कुणाशी? चहा त्यानं प्यायला नाही, पण कप घेऊन उठला, कारण मागं ठेवला असता तर सर्जेरावाला उचलावा लागला असता.

आठव्या महिन्यात एका सकाळी मयूरी फोनवर म्हणाली, "आबा, आईच्या सुती साड्या ट्रंकेत आहेत ना? आत्ती म्हणते, बारशापर्यंत बाळाला नवं कापड लावत नाहीत, जुन्या मऊ कापडाची दुपटी करायची. मला आईच्या साडीची हवीत. ती नाही तर निदान तिचं काहीतरी बाळाच्या अंगाला लागू दे."

रंगराव तडक घरी गेला. त्यानं ट्रंक उघडली. साड्यांना हात लावला नाही, चुलीच्या चिमट्यानं एकेक उचलून पिशवीत टाकली. दुरून हुंगून पाहिलं. डांबरगोळ्या, थोडा कापूर, आणि त्याच्याखाली विमल. दुसरं काही नव्हतं. अक्कानं त्या रिठ्याच्या पाण्यात तीनदा धुतल्या, तीन दिवस गच्चीवर कडक उन्हात वाळवल्या, नाकाशी नेल्या आणि "फुलावाणी झाल्यात" म्हणाली. अक्का चाळीस वर्षं तपकीर ओढत होती. तिच्या नाकाला फुलाचाही वास येत नव्हता, हे त्या घाईत कुणाच्याच ध्यानात आलं नाही. तिनं तीन दुपटी, सहा लंगोट आणि दोन टोपडी शिवली.

मुलगी झाली. वजन कमी होतं, पण आवाज मोठा. दवाखान्यात तीन दिवस मयूरीनं तिला छातीपासून बाजूला केलं नाही. चौथ्या दिवशी मायलेकी अक्काच्या घरी आल्या, अक्कानं बाळाला आजीच्या साडीत गुंडाळलं, आणि त्याच संध्याकाळी मयूरीला मळमळायला लागलं.

पहिल्यांदा वाटलं, डिंकाचा लाडू बाधला. मग वाटलं, अशक्तपणा. बाळ जवळ घेतलं की घशाशी यायचं, खाली ठेवलं की थांबायचं. पाचव्या दिवशी तिनं दूध पाजता पाजता तोंड फिरवलं. सातव्या दिवशी बाळाच्या रडण्यानंच तिला ओकारी आली. अक्का वाटी-चमच्यानं वरचं दूध घालू लागली. पोर ते अर्धं बाहेर टाकी आणि रडून रडून निळी पडे. मयूरीचा नवरा तुषार, तोही थेंबवाला, दोन दिवस येऊन गेला. त्यालाही बाळाला धरून गरगरल्यासारखं झालं, पण जागरणाचं असेल म्हणून तो काही बोलला नाही. परत जाऊन त्यानं तिथल्या डॉक्टरांना विचारलं. बाळंतपणानंतर काही बायकांचं मन असं फिरतं, गोळ्या सुरू करू, असं ते म्हणाले.

आठव्या दिवशी सकाळी झाडाखाली उभ्या रंगरावचा फोन वाजला. खिडकी बंद होती.

"आबा," मयूरीचा आवाज ओळखू येत नव्हता. "मला माझ्याच लेकीची शिसारी येते. मी तिला ढकललं आज. ती रडत होती आणि मी तिला हातानं ढकललं. मी कसली आई आहे, आबा? मला इथून कुठंतरी नेऊन टाका."

रस्ता ओलांडून जावं, पोरीला पोटाशी धरावं असं रंगरावला वाटलं, आणि नेमकं तेच त्याला करता येत नव्हतं. त्यानं करंजाचं खोड धरलं. मग, काही सुचेनासं झालं की तो आयुष्यभर जे करत आला तेच त्यानं केलं. गाडी कधी थरथरते आणि कधी थरथरत नाही, ते विचारायचं.

"सारखं होतंय का मधी थांबतंय?"

"ती जवळ असली की."

"दर डावाला? नीट आठव, मयू."

"आंघोळीला नाही होत," ती हळूच म्हणाली. "आत्ती तिला पायावर घेते, मी पाणी घालते. तेव्हा तिला हुंगावंसं वाटतं. मग आत्ती तिला गुंडाळून देते आणि..."

"अक्काला दे फोन. आवाज मोठा कर. अक्का, मी सांगतो तसं करायचं, मधी बोलायचं न्हाई. पोरीला मयूजवळ आण. आता टोपडं काढ आन् खोलीभाईर टाक. मयू, काय फरक?"

"नाही. येतंय... येतंय मला."

"लंगोट काढ, अक्का. भाईर टाक."

"आबा, नका ना. घेऊन जा तिला."

"एकच मिनिट, माझ्या राजा. अक्का, दुपटं काढ. समदी दुपटी भाईर, लांब, गच्चीवर. पोरीला गरम पाण्यानं पूस, तुझ्या लुगड्याच्या पदरात घे आन् खिडकी उघड. मी सरतो मागं."

खिडकी उघडली. तो मागं सरत सरत टपरीच्याही पलीकडं गेला. बाळाचं रडणं फोनमधून येत होतं. ते चिरकलं, अडखळलं, आणि एकदम थांबलं. मग त्याला बारीकसा आवाज ऐकू आला, चुटूचुटू, चुटूचुटू.

"घेतलं तिनं," मयूरी रडत म्हणाली. "आबा, घेतलं. मला काही होत नाहीये."

त्याला हसू फुटलं. दोष सापडला की त्याला नेहमीच असं हसू यायचं. ते तोंडावर होतं तोवरच अक्काचा आवाज आला. ती फोन घेऊन बाहेर आली असावी.

"रंगा, ह्या इमलच्या साड्या."

"व्हय."

"तीनदा धुतल्या रं मी."

"मलाबी न्हवता आला वास, अक्का."

वीस वर्षं विमल त्या गॅरेजच्या वर राहिली होती. तक्तपोशीच्या फटींतून वर येणारा धूर तिच्या केसांत, उशीत, साड्यांच्या धाग्याधाग्यांत बसला होता. रंगरावला ट्रंकेत जो विमलचा म्हणून वास आला, तो हाच होता. मयूरीच्या नाकाला तो वेगळा ओळखू येण्याइतका उरला नव्हता, पण शरीरानं तो ओळखला होता आणि बाळाच्या नावावर मांडला होता.

सगळी दुपटी, लंगोट, टोपडी आणि उरलेल्या साड्या अक्कानं पिशवीत भरून दिल्या आणि त्यानं गावाबाहेर नेऊन जाळल्या. विमलचं कापड म्हणून घरात एक चिंधीही उरली नाही. मग तो डॉक्टर सामंतांकडं गेला आणि व्हरांड्याच्या पायरीखालीच उभा राहिला.

"पाच दिवस," त्या म्हणाल्या. "शिक्का अर्धा बसलाय. आता रोज बाळ जवळ असेल आणि मळमळ नसेल, तर पुसट होत जाईल. पण तो वास आणि ते बाळ पुन्हा एकत्र आलं, एकदा जरी आलं, तर..."

दुपारी मयूरीचा फोन आला. आवाज थकलेला होता, पण तिचा होता. "आबा, बाराव्याला बारसं आहे. तुम्ही या. लांब उभे राहा, पण या. कधीतरी तुम्हाला तिला घ्यायचंच आहे की."

"येतो की," तो म्हणाला.

पण लांब म्हणजे किती लांब, हे त्याला कोण सांगणार होतं? कुठला सदरा चालेल, कुठल्या दिवशी वारा बरा, वर्षानं की दीड वर्षानं? लोक विचारलं तर भिडेखातर गप्प बसतील. मयूरी तर सोसत राहील आणि सोसता सोसता पोरीचा शिक्का पक्का होईल. आणि त्याचं नाक दोनदा त्याला फसवून बसलं होतं. पहिल्यांदा लेकीच्या तोंडचा चहा गेला, दुसऱ्यांदा नातीच्या तोंडचं दूध जात होतं. तिसऱ्यांदा काय जाईल, याचा विचारसुद्धा त्याला करवेना.

थेंबाचं केंद्र बसथांब्यामागं होतं. आता तिथं गर्दी नसे. काचेपलीकडच्या मुलीनं त्याला येताना पाहिलं आणि खिडकीची फट घट्ट लावून माइकवर बोलली.

"नाव?"

"रंगराव भाऊ पोळ."

"स्वतःचं वाहन?"

"सायकल. कधीमधी. घराखालीच काम हुतं."

तिनं नवलानं पाहिलं आणि अर्ज पुढं भरू लागली. "थेंब घेण्याचं कारण? हवेची काळजी, आरोग्य, प्रवासाची सवलत, कामाच्या ठिकाणची सूचना, इतर. हवेची काळजी लिहू का, काका? सगळे तेच लिहितात."

"न्हाई. इतर."

"इतर म्हणजे काय लिहू?"

"माझा वास मला कळावा म्हणून. नाकाला न्हाई कळला, तरी पोटाला कळंल."

मुलीचं लिहिणं थांबलं. "काका, गॅरेज होतं ना तुमचं?" ती म्हणाली. "तुम्हाला समजतंय ना, काय होईल? आम्हाला त्रास झाला तर आम्ही गाडीपासून लांब जातो. तुम्ही कुठं जाणार?"

"कुठंच न्हाई. ज्या दिवशी मला माझ्याशेजारी बसवंल, त्या दिवशी नातीला घ्यायला जाईन."

तिनं लिहिलं.

पांढऱ्या खोलीत त्याला एकट्याला बसवलं. नाकात थेंब टाकला तेव्हा थंड वाटलं, दुसरं काही नाही. मग भिंतीतल्या नळीतून पेट्रोल आलं, पाठोपाठ धूर. रंगरावला ते जुन्या मित्रासारखं वाटलं. पहाटेची पहिली किक, विमल वरनं 'चहा झाला' म्हणून हाक मारतेय, मयू शाळेच्या दप्तरासकट टायरवर बसून गृहपाठ करतेय. त्यानं छाती भरून श्वास घेतला, शेवटचा म्हणून. मग पोटात काहीतरी हललं, वर आलं, आणि तो बेसिनवर वाकला.

बऱ्याच वेळानं थांबलं. भिंतीतला पंखा सुरू झाला, खोली स्वच्छ झाली. "झालं, काका," माइकवरून आवाज आला. "आता बरं वाटेल."

त्यानं मान हलवली. तोंड पुसायला सवयीनं हात वर केला. हात नाकापाशी आला, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा रंगरावला तो वास आला. तो पुन्हा बेसिनवर वाकला.